रात्री बाराची गाडी

बाजार समितीच्या भिंतीला लागून उभी करतो मी गाडी.
सतरा सीट. मागे सामानाला जाळी.
काचेवर मुनाफ पेंटरनं लिहून दिलंय: परतवाडा ते विमानतळ.
'विमान' ठळक आलंय,
'तळ'पर्यंत त्याचा रंग संपत आला होता.

पावणेबारापासून पोरं येतात होस्टेलवरून.
इंफाळचा इबोमचा, एक विषय राहिलेला,
तरी सगळ्यांच्या आधी खिडकी धरणारा.
चांदूर बाजारची ऋतुजा धर्माळे, डॉक्टरकीला जॉर्जियाला निघालेली,
आणि तिला पोचवायला दोन मोटारसायकलींवर पाच माणसं.
तिचे वडील माझ्या दाराशी येतात, हळूच विचारतात,
"भाऊ, थे जॉर्जिया कोन्या अंगाले येते?"
मी म्हणतो, "काका, माह्या गाडीचं नागपूरपर्यंतच हाय.
पुढचं पायलटले पुसा."
ते हसत नाहीत. बॅगेची चेन पुन्हा एकदा ओढून पाहतात.

मिशन दवाखान्याच्या जीपमधून उतरते सिस्टर फिलोमिना.
एकतीस वर्षं. एक पेटी, एक छत्री, कुटकीचं एक गाठोडं.
"पंधरा किलोत बसते का, पाह्य बरं."
मी उचलून पाहतो. सोळा असावं. चौदा म्हणतो.
केरळची बाई, पण वऱ्हाडी माझ्याहून जाड बोलते,
आणि कोरकूत भांडायला लागली की
माझी मायसुद्धा गप बसायची.

वलगाव. नांदगाव पेठ.
मोझरी येईतो पोरं झोपलेली,
तोंडं उघडी, कानात वायरी.
तळेगावला चहा. पैसे सिस्टर देते, सुटे, एकेक नाणं टेबलावर ठेवत,
जसं सिपनेच्या काठी मोहाच्या बिया मांडून
तिनं मला मोजायला शिकवलं होतं:
बारा, तेरा, चौदा,
आणि पंधराला मी पळून जायचो.

गावात तिच्याबद्दल दोन मतं होती, अजून आहेत.
माझ्या बापानं मुठवा देव सोडला नाही.
मला मात्र शाळेत आणून बसवलं
आणि तिला बजावलं, "अक्षर द्या, बाकी घरचं हाय."
तिनं तेवढंच दिलं. कधीमधी छडी.

कोंढाळी गेल्यावर अंधारात तिचा आवाज येतो,
"तू कधी बसला का रे विमानात?"
"नाही. अकरा वर्षं झाली, दारापर्यंत जातो."
"मीबी नाही," ती म्हणते.
"आली होती तं बडनेऱ्याले उतरली होती. रेल्वेनं.
स्टेशनावर कोणीच घ्यायले आलं नव्हतं."
मग बराच वेळ नुसता टायरांचा आवाज.

विमानतळावर थांबायला मिनिटं मोजून मिळतात,
शिट्टीवाला काच ठोकत राहतो.
पोरं उतरतात आणि मागे न बघता चालू पडतात.
ऋतुजा तेवढी परत धावत येते,
ठेच्याची बरणी सीटखाली राहिलेली.

सिस्टर मोठ्या पाटीकडे बघत उभी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
"काय लिहिलंय? वाच."
शिट्टी वाजतेय. मागे चार गाड्या.
मी वाचतो: प्र, स्था, न.
ती मान हलवते, बरोबर आलं की हलवायची तेवढीच,
आणि छत्री काखेत मारून आत जाते.
गाठोड्याचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.

सात पन्नासच्या विमानानं तिच्या जागेवर येणाराय
मिझोरमचा कोणी ब्रदर.
मी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडतो,
पेनानं चारचारदा गिरवून नाव काढतो.
लालरिनसांगा. एका ओळीत मावत नाही.
वर 'लालरिन', खाली 'सांगा'.
पुठ्ठा छातीशी धरून बाहेरच्या दाराशी उभा राहतो.
घ्यायला कोणी तरी आलेलं असावं.

शेजारचा टॅक्सीवाला वाकून वाचतो, मग माझ्याकडे बघतो,
"काय सांगायचं हाय बे?"